आवतण

परवा दुपारी बुटांचा ब्रश शोधताना कपाटाच्या तळच्या खणात एक जुना टूथब्रश हाती लागला. त्याचे केस एका अंगाला झोपलेले होते आणि सायकलच्या साखळीचे काळे तेल त्यांत मुळापर्यंत मुरले होते. "हे असले काय जपून ठेवले आहेस?" असा प्रश्न पाठीमागून आला. ब्रश माझा नाही, एवढेच उत्तर मला सुचले.

मनालीहून आम्ही दोघे सायकलने निघालो होतो, आणि लेहला पोहोचेपर्यंत पाच झालो. सरचूच्या तंबूत कोल्हापूरचे एक निवृत्त काका भेटले, पांगला केरळचा एक तरुण आणि एकटीच फिरणारी एक फ्रेंच मुलगी. तोवरची आमची ओळख ओळख म्हणावी अशी नव्हतीच. गाटाची एकवीस वळणे चढताना कोण कोणाशी बोलणार? चढावर प्रत्येकाला आपापला दम पुरवायचा असतो, आणि पुढच्या माणसाची पाठ फार तर दिसते. ५,३२८ मीटरवरच्या तांगलांग ला खिंडीत आम्ही एकत्र छायाचित्र काढले, पण थंडीने तिथून दहा मिनिटांत काढता पाय घेतला. पुढे फोटू ला, कारगिल आणि झोजी ला ओलांडून श्रीनगर गाठायचे होते. त्याआधी लेहला आठवडाभर मुक्काम करावा, असे सर्वानुमते ठरले.

विश्रांती मला जमत नाही, हे आधीच कबूल करतो. पहिला दिवस झोपेत गेला. दुसऱ्या दिवसापासून आपण काहीतरी चुकवतो आहोत असे वाटू लागले, आणि रात्री पांघरुणात पाय आपोआप पायडल मारू लागले. सोबत्यांचे खरे स्वभावही तेव्हाच उघडे पडले. केरळचा पोरगा चहाच्या पैशांचा हिशेब वहीत लिहीत असे. फ्रेंच मुलीला वाळत घातलेल्या कपड्यांना दुसऱ्या कोणी हात लावलेला खपत नसे. सर्वांत मोठे भांडण डाळीवरून झाले. लेहच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे आमच्या उघड्या पातेल्यातली डाळ दोन तासांनंतरही दाताखाली कचकचत होती. अखेर काकांनी घरमालकिणीकडून कुकर मागून आणला, आपल्या पिशवीतली कांदा-लसूण चटणी काढली आणि स्वयंपाक ताब्यात घेतला. त्यानंतर कोणी तक्रार केली नाही.

दुपारी मात्र सगळे अंगणात जमत. छपरावर जर्दाळू वाळत घातलेले असत, आणि पाण्याची पाळी असेल त्या दिवशी घरमालकीण मातीचे ढेकूळ सरकवून पाटाचे पाणी आपल्या वाफ्यांत वळवून घेई. पॉप्लरच्या सावलीत काका सायकल सीटवर उलटी उभी करीत, वाटीत रॉकेल घेत आणि त्या टूथब्रशने साखळीची एकेक कडी घासत बसत. कड्या शंभरावर होत्या आणि मोरे पठारावरची वाळू प्रत्येकीत अडकली होती. एक कडी घासायची, फडक्याने टिपायची, बोटाने वाकवून पाहायची आणि मग पुढची घ्यायची. चाकाचा आउटही त्यांनी असाच काढला, कानाजवळ तार वाजवून. स्वतःची सायकल झाल्यावर ते आमच्या सायकलींकडे वळले.

त्याच आठवड्यात घरून फोनवर मातीच्या बैलजोडीचे छायाचित्र आले, तेव्हा पोळा असल्याचे कळले. आमच्या विदर्भातल्या आजोळी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होत असे. आजोबा बैलांच्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळीत, आणि पाहुण्याला म्हणावे तसे त्यांच्या कानात म्हणत, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." राज्या नावाचा म्हातारा बैल दोन वर्षे जुवाखाली गेलेला नव्हता, त्याच्या खांद्यावरचा घट्टा जाऊन तिथे केसही उगवू लागले होते. तरी लोणी त्यालाच सर्वांत जास्त लागे. याचा खांदा तर दुखतच नाही, असे मी एकदा म्हणालो होतो. आजोबांच्या तोंडात तंबाखू होती. ते काही बोलले नाहीत.

आठव्या दिवशी पहाटे आम्ही सामान बांधून फाटकाशी उभे राहिलो. काका सायकल घेऊन आले, पण तिच्या कॅरिअरवर पिशव्या नव्हत्या. तांगलांग लाच्या उतारावर त्यांचा गुडघा गेला होता. बसचे तिकीट त्यांनी तिसऱ्या दिवशीच काढून ठेवले होते, म्हणजे कुकर आणला त्याच दिवशी. सायकल टपावर चढणार होती, आणि पाचांतली सर्वांत लखलखीत सायकल तीच होती.

"तुम्ही व्हा म्होरं," ते म्हणाले, आणि तो ब्रश त्यांनी माझ्या हँडलच्या पिशवीत खोचला. "झोजीला चिखल लागंल."

चिखल लागलाच.

ब्रश मी पुन्हा खणात ठेवला. बुटांचा मात्र अजून सापडलेला नाही.