चोर्ल्याच्या अलीकडे, चंद्राच्या पलीकडे

बेळगावच्या बसस्थानकातून कणकुंबीची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत आत्यासाठी अर्धा किलो कुंदा होता आणि लॅपटॉपमध्ये अपोलो १३, चंद्राकडे निघालेलं १९७० सालचं यान. "मुंद होग्री, पुढं सरका," कंडक्टर दोन्ही भाषांत खेकसत होता. यानाला पृथ्वी सोडून दीड दिवस झाला होता, आम्ही अजून पिरनवाडीत.

ऑर्बिटर हे मार्टिन श्वायगर यांनी बनवलेलं फुकट मिळणारं, संगणकावर अवकाशयान उडवायचं सिम्युलेटर. त्यावर अपोलोच्या यानांचं वेगळं पॅकेज चढवता येतं. ११ एप्रिलच्या रात्री, आपल्या घड्याळात १२ वाजून ४३ मिनिटांनी, म्हणजे १९७० साली उडालं त्याच वेळेला मी घरी ते उडवलं. पुढचं सगळं त्याच वेळापत्रकाने. झोपताना नि प्रवासात सेव्ह करायचं, मग 'टी' दाबून काळ दहापट पळवायचा आणि हुकलेले तास भरून काढायचे.

खरं सांगायचं तर चंद्राच्या वाटेवर काही घडतच नाही. सुरुवातीला सेकंदाला ११ किलोमीटरच्या आसपास असलेला वेग आकड्याआकड्याने उतरत राहतो, एवढंच.

जांबोटी मागे पडली की झाडी दाट होते. कणकुंबीला उतरलो तर हवेत काजूच्या बोंडांचा आंबूस गोड वास. माउलीच्या देवळात जाऊन आलो. मलप्रभा इथेच उगम पावते. तिचा एवढासा झरा बघून पुढे ती कृष्णेला मिळेपर्यंत केवढी होते, हे पटत नाही.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, वीस वर्षं बेळगावची भाजी टेम्पोने गोव्याला नेत. रात्री सोप्यावर ते माझ्या शेजारी टेकले.

"इंजिन बंद हाय, तर चढूलालंय कसं?"

"खालून घेतलेल्या रेट्यावर, मामा. पृथ्वी मागं ओढते, म्हणून वेग कमी होतोय. वर गेलं की चंद्र ओढणार."

"म्हंजे घाटमाथ्यापातूर रेटा, मग न्यूट्रल." चोर्ला घाट मामांनी न्यूट्रलवर किती वेळा उतरला असेल ते आत्याला ठाऊक नसलेलंच बरं.

१४ तारखेला सकाळी साडेआठच्या सुमारास प्रत्यक्षात ऑक्सिजनची टाकी फुटली होती. लॅपटॉपवर मी टाकी फोडली नाही, फक्त मुख्य इंजिनाला हात लावायचा नाही असं ठरवलं. अडचण वेगळीच होती. चंद्रावरच्या फ्रा मॉरो भागात उतरता यावं म्हणून यान आधीच आपोआप परत आणणाऱ्या वाटेवरून बाजूला काढलेलं होतं. तसंच सोडलं असतं तर चंद्राला वळसा घालून ते पृथ्वीला चुकवून गेलं असतं. म्हणून यानातल्या लव्हेल, स्वायगर्ट आणि हेज यांनी सोबत जोडलेल्या, चंद्रावर उतरायच्या छोट्या यानाचं इंजिन ३४ सेकंद पेटवलं. आपल्याकडे तेव्हा दुपारचे २ वाजून १३ मिनिटं झाली होती. मी त्याच मिनिटाला पेटवलं, पण नेमकी आत्याने पानावर फणसाची भाजी वाढली आणि बंद करायला दोनेक सेकंद उशीर झाला. त्यांचं यान चंद्राच्या २५४ किलोमीटरवरून गेलं, माझं त्याहून थोडं वरून जाणार असं दिसायला लागलं. तेवढ्यात फणस गार.

पहाटे वीज गेली. बॅटरी ३१ टक्के. आधी आवाज बंद केला, मग उजेड कमी, मग पृष्ठभागाचं बारीक चित्रण. तिकडे त्यांनीही वीज वाचवायला मुख्य यान जवळजवळ मिटून ठेवलेलं. पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी ते चंद्राच्या सर्वांत जवळ होते, आणि चंद्र मधे आल्यामुळे साधारण २५ मिनिटं पृथ्वीशी बोलणं नाही. माझ्या पडद्यावर काळी कड आणि तिच्याखाली खड्डेच खड्डे. मग कडेवरून पृथ्वी वर आली, निळी, वाटाण्याएवढी. मामांना हाक मारली. चष्मा शोधून ते येईपर्यंत बॅटरी ४ टक्के. सेव्ह केलं आणि पडदा विझला.

वीज अकराला आली. परतीचा मोठा झटका, चार मिनिटं तेवीस सेकंदांचा, ८ वाजून १० मिनिटांनी द्यायचा होता. त्यानेच खरं यान दहाएक तास लवकर, पॅसिफिकमध्ये उतरलं. तो न दिल्यास यान हिंदी महासागरात पडणार होतं. सेव्हवरून मागे जाता आलं असतं, पण मी गेलो नाही.

"मग आता कुठं पडूलालंय?" मामांनी विचारलं.

"हिंदी महासागरात."

"गोव्यापासनं किती लांब?"