मार्स म्हणजे आरेस नव्हे

ग्रीक आणि रोमन देवांची ओळख बहुतेकांना एका तक्त्यातून होते. झ्यूस म्हणजे ज्युपिटर, हेरा म्हणजे जुनो, आरेस म्हणजे मार्स. मीही शाळेत असताना तो वहीत उतरवून पाठ केला होता. त्यातली शेवटची, युद्धदेवांची जोडी आता मला मनापासून खटकते.

होमरच्या ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात डायोमिडीस हा मर्त्य योद्धा अथीना देवीच्या साहाय्याने आरेसच्या ओटीपोटात भाला खुपसतो. नऊ-दहा हजार माणसांनी एकदम आरोळी ठोकावी तसा आरेस ओरडतो आणि वाहते रक्त दाखवत झ्यूसकडे गाऱ्हाणे घेऊन जातो. ऑलिम्पसवरच्या सर्व देवांत मला तुझाच अधिक तिटकारा आहे, असे झ्यूस त्याला सुनावतो.

आता रोमन शेतकऱ्याकडे पाहू. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात रोमन राजकारणी केटोने शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात एक प्रार्थना आहे. डुकराचे पिल्लू, कोकरू आणि वासरू यांना शिवाराभोवती फिरवून बळी द्यायचे आणि ‘पित्या मार्सा’ अशी हाक मारून मागायचे, की दिसणारी आणि न दिसणारी रोगराई दूर ठेव, धान्य आणि द्राक्षमळे वाढू दे, गुराखी आणि गुरेढोरे सुखरूप राख. भाल्याच्या देवाकडे गोठ्याची काळजी सोपवणारी ही प्रार्थना वाचताना, आपण मंगळाला ‘भौम’, म्हणजे भूमीचा पुत्र म्हणतो, हे मला हटकून आठवते. जुने रोमन वर्षही मार्सच्याच महिन्यापासून, मार्चपासून, सुरू होत असे.

मग आरेस आणि मार्स ही जोडी जुळली कशी? इसवी सनपूर्व 217 मध्ये इटलीतल्या ट्रासिमेनो सरोवराकाठी कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्याचा धुव्वा उडवला, तेव्हा भेदरलेल्या रोमने बारा देवांसाठी सहा आसने मांडून तीन दिवस मेजवानी दिली. त्यांपैकी एका आसनावर मार्सशेजारी व्हीनस होती. ही जोडी ग्रीक कथेतल्यासारखीच: तिथे आरेस आणि अफ्रोडायटी, म्हणजे ग्रीकांची व्हीनस, हे चोरट्या प्रेमाचे जोडपे आहे. अफ्रोडायटीचा नवरा हिफेस्टस त्यांना जाळ्यात पकडतो आणि सारे देव हसतात. रोमनांच्या लेखी मात्र व्हीनस ही त्यांचा आद्य पूर्वज ईनियस याची आई होती आणि मार्स हा रोमचा संस्थापक रोम्युलस याचा बाप. संकटाच्या त्या तीन दिवसांत त्यांनी आपल्याच पूर्वजांना जेवायला बसवले होते.