अखेर किल्ला जागचा हलेना!

काल रात्री पावणेबाराला राजगड एकदाचा जागेवर बसला. राजगड म्हणजे मागच्या दिवाळीतला आमचा किल्ला; फोटोंवरून बनवलेलं त्याचं त्रिमितीय मॉडेल फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की फरशीवर खरंच उभं असल्यासारखं दिसायला हवं. फोन हातात धरून त्याला पाच प्रदक्षिणा घातल्या, जिन्यावर चढून वरून पाहिलं, उकिडवा बसून पाली दरवाजातून आत डोकावलो. तसूभरही सरकला नाही. सोळा दिवस एवढ्याचीच वाट पाहत होतो.

मागच्या नोंदीत घसरणीचं रडगाणं लिहिलं होतंच. ठेवताना गड नीट बसायचा, पण संजीवनी माचीकडून सुवेळा माचीकडे वळलो की अख्खा डोंगर वीतभर तुळशीकडे गेलेला. मला संशय फरशीचा. पांढऱ्या गुळगुळीत फरशीवर एआरकोअरला (कॅमेऱ्यातून आजूबाजूची जागा ओळखणाऱ्या गूगलच्या प्रणालीला) पकडायला ठिपकेच मिळत नाहीत. म्हणून आजीची गोधडी अंथरली, तर घसरण निम्मी झाली! त्या गोधडीनेच मला आठवडाभर चुकीच्या वाटेला लावलं. दिवे बदलले, पडदे लावले, वर्तमानपत्रं पसरली.

खरं दुखणं माझ्या कोडमध्ये होतं. हिट-टेस्टमधून (फोनमधून निघालेली रेघ फरशीला कुठे टेकते ते शोधण्यातून) मिळालेली पोझ, म्हणजे जागा आणि दिशा, मी एकदाच घेऊन मॉडेलला चिकटवत होतो. आपण चालतो तसा एआरकोअर आजूबाजूच्या जागेबद्दलचा आपला अंदाज सुधारत जातो, आणि माझे आकडे मात्र पहिल्याच अंदाजाचे. याला अँकरच हवा, म्हणजे अंदाज सुधारला की सोबत सुधारणारा खुंटा.

अँकर मागितला तर आधी नॉटसपोर्टेडएरर, म्हणजे ‘ही सोय चालू नाही’. वेबएक्सआरकडे (ब्राउझरमधल्या एआरच्या सोयीकडे) सेशन मागताना फीचर्सच्या यादीत फक्त ‘हिट-टेस्ट’ होतं, ‘अँकर्स’ घातलंच नव्हतं. ते घातलं तर इनव्हॅलिडस्टेटएरर (‘या घडीला हे करता येत नाही’), आणि यात चार रात्री गेल्या. टॅप झाला की मी मॉडेल लोड होईपर्यंत अवेट करत (थांबत) होतो आणि मग त्याच जुन्या फ्रेमवर (आधीच्या एका क्षणाच्या स्थितीवर) क्रिएटअँकर बोलावत होतो. एक्सआरफ्रेम तिच्या कॉलबॅकपुरतीच, म्हणजे त्या क्षणी चालणाऱ्या कोडपुरतीच, जिवंत असते! आता मॉडेल आधीच लोड होतं, टॅपने फक्त फ्लॅग (खूण) उभा राहतो, पुढच्या फ्रेममध्ये ताजी हिट घेऊन तिथल्या तिथे अँकर, आणि मग दर फ्रेमला अँकरस्पेसवरून गेटपोझने त्याची ताजी जागा. पोझ नल (रिकामी) आली तर गड लपवतो. चुकीच्या जागी दिसण्यापेक्षा ते बरं.

मापाचंही जमलं. फोटोंवरून मेशरूम या सॉफ्टवेअरने बांधलेल्या मॉडेलला स्वतःचं माप नसतं, पण मागच्या दिवाळीत पोरांनी किल्ला पाडण्याआधी मी पायाची फळी मोजून ठेवली होती : १ मीटर ४० सेंटिमीटर. जीएलटीएफ या त्रिमितीय मॉडेलच्या फाइल-स्वरूपाचं एकक मीटरच, त्यामुळे ब्लेंडर या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढं बसवलं आणि काल फोनमधल्या गडाशेजारी खरी टेप धरली. तंतोतंत! हळिवाची हिरवळसुद्धा ओळखू येते. जीएलटीएफ-ट्रान्सफॉर्म या साधनाने ड्रॅको (आकारासाठी) आणि केटीएक्स२ (चित्रांसाठी) ही संकोचनं लावून फाइल ४६ एमबीवरून ५ वर आली.

पूर्वी एका बंदिस्त सेवेवर केलेलं काम त्यांच्या अटी बदलल्यावर तिथेच अडकलं. तेव्हापासून मी जीएलटीएफ सोडत नाही. २०१७ साली आलेली २.० आवृत्ती २०२२ मध्ये आयएसओ मानक झाली, आणि साधी जीएलटीएफ फाइल ब्लेंडरमध्येही उघडते, थ्री.जेएस या वेबच्या लायब्ररीतही. सल आहे ती आयफोनची. तिथल्या सफारीत वेबएक्सआर नाही, म्हणून क्विक लुक या ॲपलच्या एआर दर्शकासाठी वेगळ्या स्वरूपाची यूएसडीझेड फाइल करावी लागते आणि अँकरची ही सगळी मेहनत तिथे लागूच होत नाही.

पुढची पायरी मावळे हलवायची ठरली होती. पण ‘पायरी’ लिहितानाच सुचलं : मूळ मेशमध्ये (मॉडेलच्या जाळ्यात) जिन्याची खालची पायरी आली होती, ती मी नको म्हणून कापून टाकली. जुन्या फाइलमध्ये ती अजून आहे! पाहणाऱ्याने खऱ्या पायरीच्या दोन कोपऱ्यांवर टॅप केला की जागा आणि दिशा दोन्ही मिळतील, आणि गड मागच्या दिवाळीत होता तिथेच उभा राहील. मावळे थांबतील. शनिवारी पोरं बघायला येणार आहेत, त्याआधी ती पायरी परत जोडतो.