जुनं मॅग्नेट घेताना आधी पाणी बघा

इकडे सर्नमध्ये, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत, कणांना वळवणारं मोठं मॅग्नेट (विद्युतचुंबक) निवृत्त होतं, पण भंगारात जाईलच असं नाही. 1983 साली डब्ल्यू आणि झेड कण पकडणाऱ्या यूए1 प्रयोगाचं मॅग्नेट पुढे नोमॅड या दुसऱ्या प्रयोगाने वापरलं, आणि आता ते जपानमध्ये टी2के प्रयोगात न्यूट्रिनो नावाच्या कणांच्या कामाला आहे. योकच (मॅग्नेटचा लोखंडी सांगाडा) सुमारे 850 टनांचं. यूए1 मध्ये 0.7 टेस्लावर (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चालायचं, जपानात 0.2 वर भागतं.

"आपल्याकडे कधीच भंगारवाल्याच्या कटरखाली गेलं असतं," हे वाक्य इथल्या मराठी मंडळींत ठरलेलं. गेलं असतंच असं नाही. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाचा सायक्लोट्रॉन (कणांना वेग देणारं यंत्र) अमेरिकेतल्या रॉचेस्टरहून आलेला जुनाच. आणि सर्नच्या एलएचसी या महाकाय कण-त्वरकाची अजस्र मॅग्नेट्स ज्या जॅकवर बसलीत, ते भारतात बनलेत. जुनं सांभाळायला शेड आणि क्रेन लागते हो, नुसती शिस्त नाही.

जुनं मॅग्नेट निवडायचं गणित तसं सोपं. 2 जीईव्ही (कणभौतिकीतलं एकक) संवेगाचा कण 10 अंश वळवायला साधारण 1.2 टेस्ला-मीटर (क्षेत्र गुणिले लांबी) लागतात. ध्रुवांमधली गॅप 10 सेंटिमीटर असेल तर 1.2 टेस्लासाठी किमान 95,000 अँपिअर-टर्न (करंट गुणिले तारेचे वेढे). बीमचं (कणांच्या झोताचं) काम 5 सेंटिमीटरमध्ये होत असेल तर मोठ्या गॅपचा मोह नको. तेवढ्याच वेढ्यांत करंट दुप्पट लागतो आणि वीज चौपट. पॉवर सप्लायही जुळायला हवा. मॅग्नेटला 600 अँपिअरला 100 व्होल्ट लागत असतील, तर 1000 अँपिअर, 50 व्होल्टचा सप्लाय 300 अँपिअरवरच अडकतो.

पण खरी फसगत पाण्यात. कॉइल (तांब्याचं वेटोळं) करंटने तापते. तिची 60 किलोवॅट उष्णता पाण्याच्या 20 अंशांच्या वाढीत काढायची तर मिनिटाला 43 लिटर डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी हवं. कॉइलमध्ये पाण्याची समांतर सर्किटं असतात. त्यातलं एखादं कॉपर ऑक्साइडने तुंबलं तरी एकूण प्रवाह ठीकच दिसतो, आणि नेमकी तीच कॉइल जळते. म्हणून प्रत्येक सर्किटचा प्रवाह वेगळा मोजायचा. त्यात इथली थंडी! उघड्यावर ठेवण्याआधी कॉम्प्रेस्ड एअरने पाणी काढलं नसेल तर ते गोठतं आणि तांब्याची पोकळ पट्टी आतून फाटते. बाहेरून काही दिसत नाही. दाबाची चाचणी केल्याशिवाय ताबा घेऊ नये. आपल्याकडे पावसाळ्यात इन्सुलेशन ओलं होतं, पण ते निदान वाळवता तरी येतं.

मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) विसंबू नका. तो कॉइल आणि योकमधली गळती दाखवतो, वेढ्यावेढ्यातला शॉर्ट नाही. वरच्या आणि खालच्या कॉइलचा रेझिस्टन्स चार तारांच्या पद्धतीने, एकाच तापमानाला मोजा. एकसारख्या कॉइलमध्ये दोन-तीन टक्के फरक आला तरी संशय घ्या.

शेवटी किरणोत्सर्गाची तपासणी. त्या कागदाशिवाय गेटबाहेर काही जात नाही, आणि हा नियम कितीही कटकटीचा वाटला तरी रास्त आहे. टार्गेटजवळच्या (बीम जिथे आदळतो त्याजवळच्या) लोखंडात किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 तयार झालेला असू शकतो आणि त्याचं अर्धायुष्य 5.27 वर्षं. त्यामुळे मॅग्नेट आधी बीमलाइनवर कुठे बसलं होतं, हे किमतीआधी विचारा.