ब्लोअरचं काम गॅरेजला का दिलं नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

पैसे वाचवायला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सोसायटीत, ऑफिसात, दिरांच्या घरी, जिथे जावं तिथे पहिला प्रश्न "गाडीचं काम घरी कशाला केलंस?" आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरा, "किती वाचले?" वाचले असतील. ब्लोअर म्हणजे गाडीत हवा फेकणारा पंखा. त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर काही शेकड्यांत येतो, अख्खी मोटर काही हजारांत. पण माझा रविवार आणि ऑटो इलेक्ट्रिशियनची मजुरी धरलीत तर हाताला फार काही लागत नाही. हौस म्हणाल तर तीही नव्हती. इतकी वर्षं मी टायरची हवासुद्धा पंपावरच्या पोऱ्याकडून बघून घेत आलेय.

बिघाड असा होता, की पंखा एक, दोन, तीनवर ढिम्म आणि चारवर एकदम सोसाट्याने सुरू. डिसेंबर. निफाडचा पारा पेपरात झळकायला लागलेला. सकाळी इंदिरानगरहून सिन्नरला निघायचं, मोहदरी घाटाच्या आसपास काच आतून धुरकटायची, आणि ती साफ व्हावी म्हणून हिटरचा पंखा चारवर टाकला की शेजारी बसलेल्या मैत्रिणीशी ओरडून बोलायचं.

आता यात मोटर कुठे आली? जुन्या घरांत छताच्या पंख्याला तो डबा रेग्युलेटर असायचा, हात लावला की कोमट लागणारा. गाडीतही तीच गंमत. एक ते तीनला करंट रेझिस्टरच्या वेटोळ्यांतून अडखळत मोटरकडे जातो. चारला ती वेटोळी मध्ये येतच नाहीत, सरळ रस्ता. म्हणजे चारवर पंखा फिरतोय तर मोटर जिवंत आहे, फ्यूज शाबूत आहे. गेला असेल तो रेझिस्टर, फार तर स्विच. मी अकाउंट्सवाली बाई. बारावीचा ओहमचा नियम आणि मोबाइलवर पाहिलेले दोन-चार व्हिडिओ, एवढंच माझं भांडवल.

तर गॅरेज. नाव सांगणार नाही, विचारू नका. तिथला मुलगा उद्धट असता तर बरं झालं असतं. तो फार गोड होता. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. गाडीत बसला, नॉब एकदा फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, ब्लोअर मोटर गेली."

"चारवर चालतोय ना पण?"

"चालतो, पण लोड घेत नाही."

"मोटर गेली असती तर चारवर तरी कशी चालली असती?"

यावर तो हसला. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा मोठी माणसं हसतात तसं. "तुम्ही टेन्शन घेऊ नका मॅडम," म्हणाला आणि टॅबवर काहीतरी टाइप करत बाजूला गेला. मला वाटलं, वरच्या माणसाला विचारतोय. मी चहा प्यायले. परत आला तो एस्टिमेट घेऊन. मोटर असेंब्ली, मजुरी, जीएसटी. वर म्हणतो कसा, "सरांशी बोलणं झालं, त्यांनी ओके दिलंय."

सर म्हणजे माझा नवरा. गाडी त्याच्या नावावर, नोंदवलेला नंबर त्याचा. त्याला गाडी चालवता येत नाही. लर्निंग लायसन्ससुद्धा काढलेलं नाही. मी तिथे पाच फुटांवर बसलेली असताना त्या मुलाने फोन सातपूरला, कंपनीच्या शॉप फ्लोअरवर लावला आणि मशीनच्या आवाजात नवऱ्याने "हो हो, करून टाका" म्हटलं. त्याला ब्लोअर म्हणजे काय हे त्या क्षणी आठवत तरी होतं का, शंका आहे. मी किल्ली मागून घेतली. मुलाला खरंच कळेना माझं काय बिनसलं. चहाचे पैसे घेईनात, तर मी काउंटरवर ठेवून आले. हे जरा नाटकी झालं, पण झालं.

रेझिस्टर असतो तो डाव्या सीटसमोरच्या कप्प्याच्या, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. तो ग्लोव्ह बॉक्स कुणीही उघडला नव्हता. तो उघडायला किती वेळ लागतो हे मला नंतर कळलं. दोन्ही बाजू आत दाबायच्या, तो सुटून खाली लोंबतो.

रविवारी दहाचा पाना घेऊन आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि डाव्या सीटच्या पुढच्या जागेत डोकं खाली, पाय बाहेर, अशी आडवी झाले. "वहिनी, काही हरवलं का?" हे येणाराजाणारा प्रत्येक जण विचारून गेला. रेझिस्टर दोन स्क्रूंवर बसलेला असतो, त्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, मात्र निघता निघेना. शेवटी सुटला तेव्हा दिसलं, एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी होऊन पिनेला चिकटलेलं. जळकट वास नाकात गेला. तो डाग बघून मला झालेला आनंद कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

हा पार्ट हवेच्या वाटेतच बसवतात, कारण तो तापतो. समजा 4 अँपिअर करंट 2 ओहमच्या वेटोळ्यातून गेला, तर 32 वॉट नुसती उष्णता. पंख्याचीच हवा त्याला गार ठेवते. माझी गाडी कडुनिंबाखाली उभी असते. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर ओढून काढला तर पाचोळा आणि धुळीची गादी. हवा कमी, ताप जास्त, रेझिस्टरच्या आतला, फार तापलं की तुटणारा थर्मल फ्यूज उडाला. मुंबई नाक्याकडच्या स्पेअरच्या दुकानात जुना पार्ट दाखवून तसाच घेतला; पिना जुळल्या पाहिजेत, नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही. जळका कपलर मात्र मी बदलला नाही, वायरी कापायचं धाडस होईना. तो ऑटो इलेक्ट्रिशियनने बदलून दिला. तेव्हा "घरी केलं" हेही पूर्ण खरं नाही, हवं तर तेवढे गुण कापा.

मग नवऱ्यावरचा राग गाडीवर काढलास का, असं जाऊबाईंनी विचारलं. नाही म्हटलं. थोडा काढला असेल. दोन वर्षांपूर्वीची मी तर म्हणालीच असती, "एवढं काय मनाला लावून घेतेस? पैसे टाक आणि घरी जा." तिच्याशी मी अजून भांडते. तिचे रविवार मोकळे असायचे हे मान्य. पण तिने भरलेल्या बिलांत असे किती न उघडलेले ग्लोव्ह बॉक्स असतील, हे तिला विचारलं की ती गप्प बसते.

आणि तो मुलगा बरोबर निघूही शकतो, हे तुम्ही नाही तर मीच सांगते. मोटरचे बुश, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या, झिजले की ती जड फिरते, जास्त करंट ओढते आणि रेझिस्टर जाळते. थंडीत सकाळी एकवर लावला की आता बारीक किरकिर येते. नवरा म्हणतो, "बघ, मोटरच." मी म्हणते, "तू कधी उघडून बघितलीस?" गॅरेजमधला नंबर बदलून माझा द्यायचा, हे त्याने कबूल केलंय. अजून दिलेला नाही.