सहावी गोळी

सहा भांडी, सहा गोळ्या. प्रत्येक भांड्यात 37 अंशांवर 900 मिली द्रावण, मिनिटाला 50 फेरे घेणारं पॅडल, आणि 30 मिनिटांनी किती औषध विरघळलं त्याचं मोजमाप. डिझोल्यूशनची ही चाचणी मी शेकडो वेळा केली आहे. त्या संध्याकाळी पाच गोळ्यांचे आकडे 88 ते 93 टक्क्यांच्या मध्ये आले. सहावीचा आला 62.

त्या औषधाची मर्यादा 80 टक्क्यांची होती. पहिल्या टप्प्यात मात्र त्याहून 5 जास्त, म्हणजे प्रत्येक गोळी किमान 85 हवी. एखादी कमी पडली म्हणून बॅच लगेच नापास होत नाही. आणखी 6 गोळ्या लावायच्या, तरी जमलं नाही तर आणखी 12. शेवटी 24 गोळ्यांची सरासरी 80 च्या खाली नको, 65 च्या खाली दोनपेक्षा जास्त गोळ्या नकोत आणि 55 च्या खाली एकही नको. म्हणजे 62 हा आकडा लपवावा असा नव्हताच. त्याने फक्त वेळ खाल्ला असता. दुसऱ्या टप्प्यात एकही गोळी 65 च्या खाली चालत नाही, त्यामुळे मला 24 पर्यंत जावंच लागणार होतं. आणि माल सकाळी निघायचा होता.

सर, म्हणजे माझे वरिष्ठ, आले, आकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "सहाव्या भांड्यात गोळीला हवेचा बुडबुडा चिकटला असेल. तशी एक ओळ लिही, हा रन बाद कर आणि नव्या सहा लाव. तासाभरात मोकळी होशील."

बुडबुड्याने आकडा खरंच कमी येतो. हवा गोळीला चिकटली की तेवढ्या भागाला द्रावण लागत नाही, म्हणून तर ते आधी डीगॅस करतात, म्हणजे त्यातली हवा काढून टाकतात. सरांचं बोलणं अशक्य कोटीतलं नव्हतं. पण मी सहाही भांड्यांवर नजर ठेवून उभी होते आणि मला बुडबुडा दिसला नव्हता.

मी पेन उचललं. हे लिहायला आजही जड जातं, पण पेन उचललं होतं.

थोड्याच महिन्यांपूर्वी आमचं नीतिमूल्यांवर एक प्रशिक्षण झालं होतं. मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी 1973 मध्ये मांडलेल्या यादीतली 18 मूल्यं कार्डांवर छापून आमच्यापुढे ठेवली होती: प्रामाणिक, धाडसी, मदतीला तत्पर, आज्ञाधारक, जबाबदार, महत्त्वाकांक्षी वगैरे. 'हवं ते निवडा' असं सांगितलं नव्हतं, सगळी कार्डं क्रमाने लावायची होती. सगळीच मूल्यं चांगली, त्यामुळे कुठलं कुणाच्या वर हे ठरवतानाच माणूस अडतो. मी मात्र अडले नव्हते. 'प्रामाणिक' पहिलं, 'आज्ञाधारक' सतरावं. दोन मिनिटांत काम संपलं.

आणि आता पहिल्या नंबरचं कार्ड कुठे गेलं होतं? मी सरांना घाबरत नव्हते. मला ओढत होती ती कृतज्ञता. काम मला त्यांनी शिकवलं. पिपेट कशी धरायची इथपासून, माझ्या चुकांवर कुणाला कळू न देता पांघरूण घालण्यापर्यंत. त्या माणसाला अडचणीत 'नाही' म्हणायचं? कृतज्ञता त्या 18 कार्डांत नव्हतीच. माझ्या मनावर खरी सत्ता चालवणारं मूल्य मी कधी मोजलंच नव्हतं.

त्याच प्रशिक्षणात डार्ली आणि बॅट्सन यांचा एक प्रयोग सांगितला होता, तोही 1973 चाच. धर्मशिक्षण घेणारे 40 विद्यार्थी एका इमारतीतून दुसरीकडे निघालेले, वाटेत दारात एक माणूस खोकत, वाकून बसलेला. ज्यांना फार घाई आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले 10 टक्के मदतीला थांबले. घाई नसलेल्यांतले 63 टक्के. तेव्हा मला तो आकडा नुसता मजेशीर वाटला होता. पेन हातात धरल्यावर कळलं, सकाळचा माल ही माझी घाई.

मी म्हटलं, "सर, दहा मिनिटं द्या."

बाहेर पॅसेजमध्ये उभी राहिले. मूल्यांची यादी आठवून उपयोग झाला नाही. आठवली ती नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली एक नोंद. सकाळचं वजन लॉगबुकात टिपायचं राहिलं होतं, ते मी संध्याकाळी आठवून लिहिलं आणि वेळ सकाळची टाकली. वजन बहुधा बरोबरच होतं. कुणी पकडलं नाही. तरी त्या लॉगबुकाचं ते पान मला अजून दिसतं, माझं अक्षर तिथे नेहमीपेक्षा नीट आलं आहे. कशाची लाज वर्षानुवर्षं राहते ते पाहिलं आणि मला माझं मूल्य सापडलं. 'प्रामाणिकपणा' हा शब्द फार मोठा होता, हातात धरता येत नव्हता. हे धरता आलं: जे मी पाहिलं नाही, ते पाहिलं असं माझ्या अक्षरात लिहिणार नाही.

आत जाऊन सरांना तेच सांगितलं. "बुडबुडा असेलही. पण मला दिसला नाही, त्यामुळे मला तो लिहिता येणार नाही. मी थांबते, आजच 24 पर्यंत करते. तुमच्यासाठी एवढं नक्की करू शकते."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांब, मग. मीही थांबतो."

उरलेल्या 18 गोळ्या तीन फेऱ्यांत लावल्या. प्रत्येक फेरीनंतर भांडी धुणं, द्रावण डीगॅस करणं, तापमान 37 वर येईपर्यंत वाट बघणं. सरांनी स्वतः थर्मामीटर धरला. आमच्यात कामापुरतंच बोलणं होत होतं. मला वाटत होतं, आणखी एखादी कमी आली तर मला बरंच वाटेल, माझा हट्ट खरा ठरेल. असं वाटल्याची लाजही वाटली. ती बॅच कुणाच्या तरी औषधाची होती.

एकही कमी आली नाही. 24 गोळ्यांत 65 च्या खाली फक्त ती एकच, सरासरी 80 च्या बरीच वर. बॅच पास झाली.

"बघ," सर म्हणाले, "तशीही पासच होती."

"हो," मी म्हटलं. त्यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. पहिल्या पानावरून खाली येता येता त्यांचं पेन 62 वर थांबलं. शेरा होता: 'निरीक्षणात काही वेगळे आढळले नाही.' त्यांनी तो दोनदा वाचला, शेजारी आपली सही केली आणि पान उलटलं.