माझ्दा एमएक्स-५ला हिवाळी टायर: मोजमाप, रबर आणि हवा

एमएक्स-५ची चौथी पिढी, म्हणजे २०१५पासूनची ‘एनडी’, दोन आसनांची, जेमतेम एक टनाची स्पोर्ट्स गाडी आहे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं. चालक बसल्यावर एकेका टायरवर पावणेतीनशे किलोच्या आसपास भार येतो. टायर निवडताना या आकड्यावरून नजर हटू देऊ नका.

टायर चालताना दबतो, सुटतो आणि त्या मळणीतून तापतो. भार कमी असला की दबणं कमी, आणि तापणंही कमी. दोन टनांची एसयूव्ही थंडीतसुद्धा आपले टायर थोडेफार कोमट करते. एमएक्स-५चे टायर गावातल्या गावात फिरून आले तरी गारच असतात. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली ताठरायला लागतं, म्हणून हलक्या गाडीवर त्याची पकड अवजड गाडीपेक्षा लवकर जाते. ‘गाडी हलकी आहे, थांबवायला सोपी, निभावेल’ हा हिशेब इथेच फसतो. थांबवायचं वजन कमी आहे हे खरं, पण टायरला रस्त्यावर दाबणारं वजनही तेवढंच कमी आहे. उरतं ते फक्त रबर.

इथे जर्मनीचा दक्षिण भाग धरून लिहितोय: श्टुटगार्ट, म्युनिक आणि तिथून आल्प्सकडे जाणारे घाट. पुण्याहून, चाकणहून इकडे नोकरीला आलेल्या मंडळींना पावसाळ्याआधी टायर बघायची सवय असते, हिवाळ्याआधी नसते, म्हणून कायदा आधी. जर्मनीत हिवाळी टायरची सक्ती तारखेवर नाही, रस्त्याच्या अवस्थेवर आहे. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा राडा किंवा गोठलेलं दंव असेल तर ते हवेतच. नसतील तर ६० युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दंडगुण, वाहतूक अडवलीत तर ८० युरो. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह लागतं. नुसतं ‘एम+एस’ (चिखल-बर्फ) ३० सप्टेंबर २०२४पर्यंतच चालत होतं, तेही २०१७ संपेपर्यंत बनलेल्या टायरवर. जुन्या गाडीबरोबर ‘हिवाळी टायर फुकट’ मिळत असतील तर आधी हे चिन्ह शोधा. नक्षीची खोली कायद्याने १.६ मिमी पुरते, पण हिवाळी टायर ४ मिमीच्या खाली गेला की बर्फावर त्याचा भरवसा धरू नये. ठोकळ्यांमधल्या ज्या बारीक चिरा बर्फाला चावतात, त्यातल्या बऱ्याच तोवर झिजून गेलेल्या असतात. ऑस्ट्रियात तर ४ मिमी ही कायद्याचीच अट आहे, आणि म्युनिकहून ऑस्ट्रियाची हद्द फार लांब नाही.

आता मोजमाप. एनडीला कंपनीकडून दोन मापं येतात: १९५/५० आर१६ (रुंदी १९५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ५० टक्के, रिम १६ इंची) आणि २०५/४५ आर१७. हिवाळ्यासाठी १६ इंची घ्यावं हा सल्ला बरोबर आहे, पण त्यामागे सांगितलं जाणारं कारण अर्धवट असतं. अरुंद टायर राडा कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर त्यावर तरंगतो, हे खरं. पण इथे रुंदीत फरक आहे जेमतेम १० मिमीचा आणि बाजूच्या भिंतीच्या उंचीत ५ मिमीचा. एवढ्याने गाडीचा स्वभाव पालटत नाही. १६ इंचीचा खरा फायदा म्हणजे टायर स्वस्त, हिवाळ्याने उखडलेल्या खड्ड्यांत रिम वाकायची भीती थोडी कमी, आणि १७ इंची चांगली रिम मिठापासून वाचते. त्यामुळे हाताशी फक्त १७ इंची रिमचा संच असेल तर केवळ मापासाठी नवीन रिम घेऊ नका. तो पैसा चांगल्या टायरवर घाला.

या दोन मापांचा बाहेरचा व्यास मात्र सारखा नाही. १६ इंची सुमारे ६०१ मिमी, १७ इंची सुमारे ६१६ मिमी. अडीच टक्क्यांच्या जवळ फरक. कंपनीने दोन्ही मापं मान्य केलेली असल्यामुळे चारही चाकं एकाच मापाची असतील तर काहीच बिघडत नाही. पुढे एक, मागे दुसरं असं केलंत तर एबीएस आणि स्थिरता-नियंत्रण दोन्ही चुकीच्या गणितावर चालतील.

१५ इंची रिम बसते असं कोणी सांगितलं तर प्रत्यक्ष लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासते की नाही हे तिच्या आतल्या आकारावर ठरतं, नुसत्या व्यासावर नाही. आणि जर्मनीत बसणं पुरेसं नसतं, ते माप कागदावरही लागतं. नोंदणीपत्राच्या १५.१ आणि १५.२ या रकान्यांत पुढच्या-मागच्या टायरचं एक माप असतं, मान्य असलेली बाकीची मापं गाडीबरोबरच्या अनुरूपता प्रमाणपत्रात. त्यापलीकडचं काही लावायचं तर रिमचा स्वतःचा परवाना हवा.

रिम जुन्या बाजारातून घेत असाल तर पिढी विचारून घ्या. पहिल्या दोन पिढ्या आणि एनडी यांना चार नट, १०० मिमीच्या वर्तुळावर, मधलं भोक ५४.१ मिमी. मधली, म्हणजे तिसरी पिढी ‘एनसी’, वेगळी: पाच नट, ११४.३ मिमी. एनसीची रिम एनडीला बसत नाही, उलटही नाही. मधलं भोक मोठं असलेली बाहेरची रिम घेतली तर उरलेली फट भरणारी ५४.१ची कडी घाला, नाहीतर चाक बरोबर मध्यावर बसत नाही आणि वेग वाढला की स्टीअरिंग थरथरतं. लोक मग बॅलन्सिंग तीन-तीनदा करून घेतात आणि थरथर तशीच राहते.

भारांकाकडे सहसा कोणी बघत नाही, पण या गाडीसाठी तो महत्त्वाचा आहे. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो. आपला भार पावणेतीनशे. म्हणजे साधा ८४सुद्धा ऐसपैस. दुकानात मात्र १९५/५० आर१६मध्ये निवड मुळात कमी, आणि त्यातले बरेच ८८ एक्सएल, म्हणजे जादा भाराचे, ५६० किलोवाले, निघतात. एक्सएलचा सांगाडा जास्त ताठ असतो. हलक्या गाडीखाली तो नीट दबत नाही, गाडी बारीकसारीक खड्ड्यांवर उडते आणि टायर आणखी गार राहतो. ८४ मिळत असेल तर तोच घ्या. नसेल मिळत तर एक्सएल घ्या, पण ‘एक्सएल आहे, जरा जास्त हवा भरू’ असं म्हणणाऱ्याच्या हातातून नळी काढून घ्या. एनडीला थंड टायरमध्ये २.० बार हवा सांगितली आहे. एक्सएल असला तरी भार तोच, म्हणून हवाही तीच.

हवेचं आणखी एक. २० अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये २.० बार भरलेली गाडी उणे ५मध्ये रात्रभर उभी राहिली की सकाळी १.७५च्या आसपास येते. टायर कुठेही गळत नसतो, नुसती थंडी. म्हणून हवा बाहेरच्या थंडीत, गाडी हलवण्याआधी मोजायची. ऑक्टोबरात भरून फेब्रुवारीपर्यंत विसरलेली हवा हे हिवाळ्यातल्या लडबडत्या स्टीअरिंगचं सगळ्यात साधं कारण.

टायरवरचं वेगाचं अक्षर: एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत, व्ही २४०. दीड लिटरच्या एनडीचा कमाल वेग २०४, तिला एच पुरतो. १८४ अश्वशक्तीची दोन लिटरवाली २१९पर्यंत जाते, तिला व्ही हवा. हिवाळी टायरला कमी अक्षर चालतं, मात्र टायरची वेगमर्यादा लिहिलेला स्टिकर चालकाला दिसेल असा लावावा लागतो. नोंदणीपत्रात ‘टी’ रकान्यात कमाल वेग असतो, तो बघून ठरवा.

आता रबर. हिवाळी टायर म्हणून दोन वेगळ्या जातीचे टायर विकले जातात. एक मध्य युरोपीय: कॉन्टिनेंटल विंटरकॉन्टॅक्ट, मिशलां अल्पिन, गुडइयर अल्ट्राग्रिप परफॉर्मन्स, ब्रिजस्टोन ब्लिझ्झाक एलएम०५ या घराण्यातले. दुसरे उत्तरेकडचे, बर्फात रुतणारे धातूचे खिळे नसलेले: नोकियन हाक्कापेलीट्टा आर, मिशलां एक्स-आइस, कॉन्टिनेंटल वायकिंगकॉन्टॅक्ट. उत्तरेकडचं रबर खूपच मऊ, गोठलेल्या गुळगुळीत रस्त्यावर त्याला तोड नाही. पण ५ ते १० अंशांच्या पावसात ते ठोकळे लवलव करतात, थांबायला जास्त अंतर लागतं, आणि एमएक्स-५चं चपळ स्टीअरिंग खिरीत चमचा फिरवल्यासारखं होतं. वेगाचं अक्षरही बहुधा टी किंवा आर, म्हणजे १९० किंवा १७०. जर्मनीतला हिवाळा बहुतेक दिवस ओला असतो, पांढरा नाही, तेव्हा इथे मध्य युरोपीयच घ्या. स्वीडन, फिनलंड किंवा क्वेबेकमध्ये राहणाऱ्यांनी नेमकं उलट करावं.

डोंगर-हिमकणाचं चिन्ह बर्फावरच्या पकडीची चाचणी सांगतं, काचेसारख्या गोठलेल्या रस्त्याविषयी काही सांगत नाही. मे २०२१पासूनच्या युरोपीय लेबलवर त्यासाठी वेगळं चिन्ह आहे, ते उत्तरेकडच्या टायरवर दिसेल. मध्य युरोपीय टायर निवडताना त्याच लेबलवरची ओल्या रस्त्याची श्रेणी बघा. शक्य तितकी ‘ए’च्या जवळची. आवाजाचा आकडा सोडून द्या, कापडी छत असलेल्या गाडीत तो ऐकू यायचा नाही.

बारमाही टायर? कोलोन, फ्रँकफुर्टच्या सखल भागात राहता, बर्फ पडलाच तर ट्रामने जाता, तर जरूर. आल्प्सच्या पायथ्याशी नको.

टायर चारही बदलायचे, एकाच नक्षीचे. ‘ताकद मागे जाते, मग मागचेच दोन बदलू’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण गाडी वळते आणि मुख्यतः थांबते ती पुढच्या टायरवर. मागे पकड आणि पुढे ताठ उन्हाळी रबर असेल तर गाडी चढ मजेत चढेल आणि पलीकडच्या उतारावर पहिल्याच वळणाला सरळ जाईल. उलट केलं, पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी, तर मागची बाजू ब्रेक लावताच पुढे यायला बघते. ते त्याहून वाईट. झिजलेल्या संचातही जास्त नक्षी उरलेली जोडी नेहमी मागे. या गाडीत मागचे टायर आधी झिजतात आणि चारही एकाच मापाचे असतात, म्हणून दर मोसमाला पुढचे मागे, मागचे पुढे करता येतात. बाणाची खूण असलेले, म्हणजे फिरण्याची दिशा ठरलेले, टायर बाजू न बदलता फिरवायचे.

डिकीत वाळूची पोती टाकण्याची पद्धत पिकअपसाठी आहे, इथे नको. वजन आधीच निम्मं मागे आहे, आणि डिकी मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. तिथलं सैल ओझं गाडी घसरली की घसरण वाढवतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक मागचं चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी यंत्रणा) असेल तर चढावर फायदा होतो, पण एक लक्षात ठेवा: जास्त गॅस दिला की दोन्ही मागची चाकं एकदम सुटतात आणि शेपूट बाजूला जातं. दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने निघा. उतारावर खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडलात तर इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, आणि बर्फावर तो हँडब्रेक ओढल्यासारखाच. बर्फात रुतलात तर स्थिरता-नियंत्रण तात्पुरतं बंद करा, नाहीतर ते ताकदच कापत राहतं. बाहेर पडलात की लगेच चालू.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा, हबच्या तोंडावर गंजरोधक पेस्टचा पातळ हात फिरवा. नट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या आट्यांना लावू नका, घर्षण कमी होऊन नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. नट २१ मिमीच्या पान्याने, समोरासमोर, चाक हवेत असताना हाताने टेकवून, मग जमिनीवर १०८ ते १४७ न्यूटन-मीटरच्या दरम्यान, टॉर्क पान्याने. ५० किमीनंतर पुन्हा तपासा. नवीन टायरवर साच्याचा गुळगुळीत थर असतो, पहिले दोन-तीनशे किमी जपून चालवा. म्हणूनच टायर पहिल्या बर्फाआधी, ऑक्टोबरात लावायचे. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला की दुकानांत तारीखही मिळत नाही. खरेदी करताना भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५२४ म्हणजे २०२४चा ३५वा आठवडा.

वसंतात काढलेली चाकं धुऊन, कुठलं चाक कुठलं ते खडूने लिहून, रिमसकट आडवी रचा. रिमशिवायचे टायर उभे ठेवा आणि अधूनमधून थोडे फिरवा. जागा अंधारी, कोरडी, आणि बॉयलरपासून लांब.